मुखत्यारपत्र आणि दसरा : पुण्याची सभा, म्हैसूरची सभा

या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आज लढाई नाही. आज दोन सभांविषयी बोलायचं आहे. एक पुण्यात 1870 साली लोकांनी उभी केली. दुसरी म्हैसुरात 1881 साली सरकारनं बोलावली. दोघींचा विषय एकच होता : राज्यकर्त्याला हिशेब विचारायचा कसा, आणि विचारणाऱ्याचा अधिकार काय.

हा विषय घेण्याचं कारण सांगतो. निवृत्तीनंतर मी म्हैसुरात राहतो. हे पेन्शनरांचं शहर आहे आणि इथे नागरिकांच्या संघटनांची परंपरा चांगली आहे. म्हैसूर ग्राहकर परिषत्तु 1989 पासून ग्राहकांच्या आणि शहराच्या प्रश्नांवर काम करते आहे. वॉर्डावॉर्डात लहान समित्या आहेत, त्यांतल्या एकीत मीही आहे. अशी समिती निवेदन घेऊन कुठल्याही कार्यालयात गेली की टेबलापलीकडून एक प्रश्न ठरलेला येतो. तुम्ही कोणाच्या वतीनं बोलताय? पाच-सात पांढऱ्या डोक्यांची माणसं समोर बसलेली, तेव्हा प्रश्न येणारच. बरेच जण त्यानं चिडतात. मला तो प्रश्न रास्त वाटतो. फौजेत कोणी माझ्यापुढे येऊन म्हणाला की साहेब, सगळ्या कंपनीचं असं म्हणणं आहे, तर मी पहिल्यांदा हेच विचारत असे की तुला कोणी पाठवलं.

पुण्यानं या प्रश्नाचं उत्तर 1870 मध्ये शोधलं होतं.

पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल तेव्हा पुण्यात तक्रारी होत्या. तक्रार सगळ्यांची, पण सरकारदरबारी ती मांडायची कोणी? त्या खटपटीतून 2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी हे वकील तिचे मुख्य कर्ते. सभेच्या कामामुळे लोक त्यांना सार्वजनिक काकाच म्हणू लागले. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. इथपर्यंत त्या काळातल्या इतर मंडळांसारखंच. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे अशी मंडळं आधीपासून होती : प्रतिष्ठित लोक, वर्गणी, इंग्रजीत अर्ज.

पण काका पडले वकील. त्यांनी कोर्टातली एक साधी वस्तू उचलली. मुखत्यारपत्र. ज्याला सभेचा सभासद व्हायचं आहे त्यानं किमान 50 माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं, की हा मनुष्य आमच्या वतीनं सार्वजनिक कामात बोलेल. सुरुवातीला 95 सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे 6000 लोकांच्या सह्या होत्या. भागाकार केला तर माणशी 63 येतात. म्हणजे नियमापुरत्या 50 भरल्या की हात झटकले, असं सगळ्यांनी केलेलं दिसत नाही.

मंडळी, हे साल लक्षात घ्या. 1870. देशात मतदान म्हणून फारसं कुठे काही नाही. काँग्रेसची स्थापना अजून 15 वर्षं दूर आहे. अशा वेळी कोणी सांगितलेलं नसताना एक मंडळ स्वतःवर अट घालून घेतं की दाखला असल्याशिवाय लोकांच्या नावानं बोलायचं नाही. मला या सभेचं सगळ्यात मोठं कर्तृत्व हेच वाटतं. अर्ज तर सगळेच लिहीत होते.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महात्मा फुल्यांना ही सभा सार्वजनिक वाटत नव्हती, आणि त्यांनी ते स्पष्ट लिहिलं. सभेत वजन होतं ते सरदार, सावकार, वकील, शिकलेल्या वर्गाचं. शूद्र-अतिशूद्र शेतकरी त्यात कुठे होता? सही घेणं आणि बैठकीत बसवणं यात फरक आहे. स्वतः फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेत सरकारनियुक्त सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचं ठरलं, तेव्हा 32 सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटे होते. नेमणूक सरकारची, पण मत लोकांच्या बाजूनं. उलट, लोकांच्या सह्या घेऊन आलेला सभासद आपल्याच वर्गापुरतं बघतो असंही होऊ शकतं. हा पेच कागदानं सुटत नाही. तेव्हाही सुटला नव्हता.

तरी सभेनं मुखत्यारपत्राची आब राखली ती दुष्काळात. 1876 मध्ये पाऊस गेला. दख्खन, मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान हा सगळा पट्टा होरपळला. न्यायमूर्ती रानडे 1871 पासून पुण्यात होते आणि सभेच्या कामामागे त्यांचं डोकं होतं. सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली. पाऊस किती, पीक किती आणे, धान्याचा भाव काय, जनावरं किती गेली, दुष्काळी कामावर किती माणसं आहेत, त्यांना हातात काय मिळतं. ही माहिती जुळवून ती वेळोवेळी सरकारला पाठवत असे आणि छापत असे.

त्याच सुमाराला सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. मी आयुष्यभर जवानांचं रेशन बघितलं आहे. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम धान्य म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको. दख्खनमध्ये हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला संप होता तो. सार्वजनिक सभेनं मजुरांची बाजू घेऊन सरकारशी पत्रव्यवहार केला. मद्रासकडे सरकारचेच आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या धान्यावर माणूस जगत नाही असं लिहिलं, आणि तिथे तो दर मागे घ्यावा लागला.

सभेच्या पत्रांत भाषण नसे, गावांची नावं आणि आकडे असत. त्यामुळे सरकारला ती फेकून देता येत नसत. 1878 पासून सभेचं त्रैमासिक निघालं, त्यातही हीच शिस्त.

मग ही सभा अडली कुठे? 1895 मध्ये सभेची सूत्रं टिळकांकडे गेली. रानडे-गोखल्यांनी 1896 मध्ये वेगळी डेक्कन सभा काढली. त्याच साली पुन्हा दुष्काळ. यावेळी सभेचे लोक गावोगाव गेले ते नुसती माहिती घ्यायला नाही, द्यायला. दुष्काळाचे नियम सरकारनंच केलेले होते, त्यांत महसुलाची सूट होती, कामाचा हक्क होता. ते शेतकऱ्यांना मराठीत सांगितले. सरकारला हे झोंबलं. प्रचारकांवर खटले झाले, आणि मार्च 1897 मध्ये सरकारनं जाहीर केलं की यापुढे सार्वजनिक सभेला सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून मान्यता नाही. बंदी घातली नाही. कोणी दाराला कुलूप लावलं नाही. एवढंच, की पत्राला उत्तर येणार नाही. सत्तावीस वर्षांचं काम एका फर्मानानं अर्धमेलं झालं.

कारण सह्या होत्या, आकडे होते, पण उत्तर द्यायला सरकार कुठल्याही कायद्यानं बांधलेलं नव्हतं. उत्तर ही मेहेरबानी होती.

आता म्हैसूरकडे येऊ.

म्हैसूर संस्थानावर 1831 पासून इंग्रज कमिशनरांचं राज्य होतं. 25 मार्च 1881 रोजी ते चामराजेंद्र वडेयरांना परत मिळालं. हातात आलेलं संस्थान कसं होतं? 1871 च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे 50 लाख होती. 1881 मध्ये ती 42 लाखांच्या आसपास भरली. मघाशी सांगितला तोच दुष्काळ. दिवाण झाले रंगाचार्लू, मद्रास इलाख्यातून आलेले मुरलेले अधिकारी. त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये आदेश काढला की दर तालुक्यातून जाणती रयत आणि व्यापारी यांना दसऱ्याला म्हैसुरात बोलवावं, आणि वर्षभरात सरकारनं काय केलं, पुढे काय करणार, ते दिवाणानं त्यांच्यापुढे मांडावं. 7 ऑक्टोबर 1881 रोजी पहिली प्रजाप्रतिनिधी सभा भरली. 144 जण आले होते.

दसराच का? म्हैसुरात राहिल्यावर हे उमगतं. दसऱ्याला सगळं संस्थान राजधानीत लोटायचं. वेगळं बोलावणं, वेगळा खर्च नको. शिवाय दसरा टळत नाही. दिवाणाला सवड नाही म्हणून यंदा सभा पुढे ढकलली, असं म्हणायची सोय नाही. मला यात रंगाचार्लूंचं खरं शहाणपण दिसतं. आमच्याकडे पलटणीत सैनिक संमेलन असतं. जवान आपला पॉइंट मांडतो, तो लिहून घेतला जातो, आणि त्याचं काय झालं ते त्याला सांगावं लागतं. ठरलेल्या दिवशी कमांडर समोर उभा असतो, हीच त्यातली ताकद.

पुढे सभेची रीत बसली. तालुक्यांचे प्रतिनिधी मागण्या घेऊन येत : तळ्यातला गाळ, फुटलेला बांध, रस्ता, विहीर, कुरणं, जंगलखात्याचा जाच. दिवाणाचं उत्तर त्याखाली छापलं जाई. ही छापील कामकाजं हे त्या सभेचं मोठं धन. मागच्या दसऱ्याला दिवाण काय बोलले होते, ते पुढच्या दसऱ्याला पान उघडून दाखवता येई. रंगाचार्लू 1883 च्या जानेवारीत वारले, पण पुढचे दिवाण शेषाद्री अय्यर यांनी सभा चालू ठेवली आणि 1891 मध्ये निवडणूक आणली. मत अर्थात ठराविक कर भरणाऱ्यांनाच.

म्हणजे बघा, पुण्याला 'विचारणारा कोण' हे पक्कं करता आलं, म्हैसूरला 'उत्तर देणारा कोण आणि कोणत्या दिवशी' हे.

या दोन गावांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो आपण मराठी लोक फारसा सांगत नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानातला हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून 1883 मध्ये इंजिनियर झाला आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात पुढची बरीच वर्षं राहिला. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. पुण्यात रानडे, गोखले यांच्या सहवासात ते होते, डेक्कन क्लबच्या स्थापनेत त्यांचा हात होता. 1912 मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. पुढच्याच वर्षी तिथल्या कायदेमंडळाला अंदाजपत्रकावर चर्चेचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. 1917 पासून प्रजाप्रतिनिधी सभेची वर्षातली दुसरी बैठक सुरू झाली. हे सगळं पुण्याहून आलं असं मी म्हणणार नाही. पण रानड्यांच्या पुण्यात वाढलेला अधिकारी आकड्यांवरची चर्चा टाळत नाही, इतकं खरं.

दुसरा मराठी माणूस आठवतो तो मात्र दोन्ही अंगांनी. व्ही. पी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, कुंभकोणमचे. ते 1906 ते 1909 म्हैसूरचे दिवाण होते. कायदेमंडळ त्यांच्याच काळात, 1907 मध्ये सुरू झालं. आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याच कारकिर्दीत वृत्तपत्रांचा कायदा आला : सरकारी परवानगीशिवाय वर्तमानपत्र काढता येणार नाही. एका हातानं मंडळ दिलं, दुसऱ्या हातानं त्या मंडळाला बातमी पुरवणाऱ्यांचा गळा धरला. विरोधात आघाडीवर होते म्हैसूरचे एम. वेंकटकृष्णय्या. शाळामास्तर आणि संपादक. सगळं गाव त्यांना तातय्या म्हणत असे. इथे पुतळा फक्त राजांचा नाही, तातय्यांचाही आहे. काकांचं आणि यांचं जमलं असतं असं मला उगीच वाटतं. दोघेही घरच्या नात्यानं ओळखले जाणारे.

फुल्यांचा प्रश्न म्हैसुरातही उभा राहिलाच. मंडळात आणि नोकऱ्यांत एकाच वर्गाची गर्दी का, म्हणून 1917 मध्ये प्रजामित्र मंडळी स्थापन झाली, 1918 मध्ये मिलर समिती नेमली गेली. राखीव जागांच्या देशातल्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक. विश्वेश्वरय्यांना ती दिशा पटली नाही आणि त्यांनी दिवाणगिरी सोडली. ते मोठे होते, पण या बाबतीत मी समितीच्या बाजूचा आहे. सभेत ज्याची जागा नाही त्याला छापील कामकाजाचा उपयोग नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव 1947 मध्ये उघडी पडली. सहासष्ट वर्षं ही सभा बोलत होती, पण दिवाण तिला जबाबदार नव्हता. तिला दिवाणाला घरी पाठवता येत नव्हतं. देश स्वतंत्र झाला तरी म्हैसुरात जबाबदार राज्यपद्धती नव्हती. सप्टेंबरमध्ये 'म्हैसूर चलो' आंदोलन पेटलं. म्हैसुरात गोळीबार झाला, रामस्वामी नावाचा विद्यार्थी मारला गेला. आज त्या चौकाला त्याचं नाव आहे. रोज शेकडो गाड्या तिथून वळतात. ऑक्टोबरमध्ये के. सी. रेड्डी यांचं मंत्रिमंडळ आलं.

उत्तर देणं कायद्यानं भाग पडावं, ही गोष्ट त्यानंतरही कितीतरी वर्षं बाकी होती. ती आली पुन्हा दुष्काळी कामाच्या मजुरीवरूनच. राजस्थानात 1990 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. कामावरच्या मजुराला किमान वेतन मिळत नाही, का मिळत नाही हे विचारलं तर हजेरीपट दाखवत नाहीत. त्यांनी 1994 पासून जनसुनावण्या सुरू केल्या. गावापुढे हजेरीपट आणि बिलं मोठ्यानं वाचायची. न झालेली कामं, न आलेली माणसं कागदावर सापडत गेली. 1877 मध्ये सार्वजनिक सभेच्या पत्रात जो तपशील होता, तोच हा. फरक इतकाच की आता मूळ कागदच मागितला जात होता.

महाराष्ट्रात 2000 साली माहितीचा पहिला कायदा झाला तो दुबळा निघाला. अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनानंतर त्याच्या जागी बरा कायदा आला. कर्नाटकानंही 2000 मध्ये आपला केला. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून पूर्ण लागू झाला. त्यात 30 दिवसांची मुदत आहे, माहिती अधिकारी ठरलेला आहे, आणि विनाकारण उशीर केला तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड त्या अधिकाऱ्याच्या खिशातून आहे. मार्च 1897 मध्ये मुंबई सरकारनं जे केलं, ते आज कायद्यानं करता येत नाही. करतात ते वेगळ्या वाटेनं. अपिलं आयोगात वर्षानुवर्षं पडून राहतात, 2019 च्या दुरुस्तीनंतर आयुक्तांची मुदत आणि पगार केंद्र सरकार ठरवतं. दार उघडं ठेवायचं आणि आत जाणारी रांगच हलू द्यायची नाही, हीही एक रीत आहे.

मुखत्यारपत्राचाही नवा अवतार आमच्याच राज्यात झाला. अहमदाबादच्या आयआयएमचे एके काळचे संचालक सॅम्युएल पॉल यांनी 1994 मध्ये बेंगळुरूच्या सरकारी खात्यांचं प्रगतिपुस्तक काढलं. पाणी, वीज, टेलिफोन, महापालिका. घराघरांत जाऊन, गरीब वस्त्या धरून, रीतसर पाहणी केली : काम झालं का, किती खेपा पडल्या, पैसे द्यावे लागले का. गुण अगदी वाईट आले. 1999 मध्ये पुन्हा काढलं, फार फरक नव्हता. 2003 मध्ये तिसऱ्यांदा काढलं तेव्हा सुधारणा दिसली. एक निवेदन देऊन घरी बसणाऱ्यांनी ही तारखांमधली अंतरं बघावीत. नऊ वर्षं.

आता अलीकडचं. ज्या पुण्यात मुखत्यारपत्र निघालं, तिथली महानगरपालिका 2022 पासून वर्षानुवर्षं निवडणुकीविना प्रशासकाच्या हाती राहिली. ज्या म्हैसुरात प्रजाप्रतिनिधी सभा भरली, तिथल्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2023 मध्ये संपली आणि इथेही कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक चांगला असेलही. मी काही चांगले प्रशासक पाहिले आहेत. पण तो ज्याला उत्तर देतो तो माणूस वर बसलेला असतो, गल्लीत नसतो. नगरसेवक नसला की समित्यांचं काम वाढतं, आणि तुम्ही कोण हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

म्हणून आमच्या समितीत आम्ही काकांची युक्ती वापरून बघतो आहोत. समितीवर यायचं असेल तर 50 घरांच्या सह्या आणायच्या, आणि त्यांत मागच्या गल्लीतली भाड्याची घरं हवीत. फॉर्म कन्नडमध्ये आहे. काम हळू चाललं आहे. आमच्यातल्या दोघांनी या वयात दारोदार फिरणार नाही म्हणून राजीनामे दिले. एका घरी मी फॉर्म घेऊन गेलो होतो. धुण्याभांड्याची कामं करणारी बाई होती. तिनं सगळा फॉर्म मुलीकडून वाचून घेतला आणि विचारलं, साहेब, सही घ्यायला तुम्ही आलात, पण त्यांचं उत्तर आल्यावर ते सांगायला कोण येणार, आणि कधी? फॉर्मवर त्याला जागा नव्हती. आता खाली एक ओळ वाढवली आहे : सभासदाचं नाव, आणि दर महिन्याचा दुसरा रविवार.

पुढचा भाग पुन्हा किल्ल्यांवर.